अंगठ्याला बांधलेलं सूत

पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी माझं डावं मनगट थरथरतं. आवाज नाही, उजेड नाही. मुठीत भुंगा धरावा तशी थरथर येते, थांबते, पुन्हा येते. मी दुसऱ्या हाताचं बोट पट्ट्यावर दाबते आणि उठून बसते. खोलीत तीन श्वास चालू असतात. नवऱ्याचा जड, लेकीचा हलका, आणि खिडकीजवळच्या पलंगावर सासूबाईंचा, मधूनच अडखळणारा. या तिन्हींना धक्का न लावता मी मोरीपर्यंत पोचले की दिवस चांगला उजाडला असं मी धरते.

डोंबिवलीत आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. परळच्या एका रुग्णालयात मी सिस्टर आहे. मॉर्निंग असली की सातच्या आत वॉर्डात उभं राहून नाइटच्या सिस्टरकडून ओव्हर घ्यायची असते, म्हणजे पाचच्या सुमाराची लोकल चुकवून चालत नाही. पूर्वी उशाशी मोबाइलचा गजर असायचा. गजर लावायचा एकीने आणि झोप मोडायची चौघांची. लेक रडत उठायची, सासूबाईंना पुन्हा डोळा लागायचा नाही, आणि रात्री साडेअकराला दुकान बंद करून आलेला नवरा दिवसभर डोळे चोळत गल्ल्यावर बसायचा. त्यांच्या झोपेचा तुकडा तोडून मी कामावर जाते, ही बोच लोकलमध्येही सुटायची नाही. हा पट्टा हाताला आला आणि ती बोच गेली. म्हणून या एवढ्याशा वस्तूबद्दल मला खरोखर माया आहे.

तिच्या आतली युक्ती साधी आहे. बहुतेक अशा पट्ट्यांत एक चिमुकली मोटर असते आणि तिच्यावरचं वजन मुद्दाम एका बाजूला बसवलेलं असतं. ती फिरली की तोल जातो आणि सगळा पट्टा थरथरतो. ही थरथर ओळखणारे कण आपल्या कातडीखाली आधीपासूनच आहेत, कांद्यासारखे पापुद्र्यावर पापुद्रा चढलेले. १८३०च्या दशकात फिलिप्पो पॅसिनी या इटालियन विद्यार्थ्याला हाताचं विच्छेदन करताना ते दिसले, आणि पुढे त्याचंच नाव त्यांना मिळालं. सेकंदाला अडीचशेच्या आसपास कंप असले तर हे कण सगळ्यात चटकन दाद देतात. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी हे नाव मी पाठ केलं होतं. रोज पहाटे तेच आपल्याला उठवतील हे तेव्हा कुठून सुचणार!

२०१३ साली फिटबिट फ्लेक्ससारखे मनगटी पट्टे बाजारात आले आणि मुका गजर लोकांच्या हातावर बसला. पण ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या घरात तो त्याच्या कितीतरी आधीपासून होता. उशीखाली ठेवायची, गादीला हलवणारी थरथरती चकती त्यांच्या ओळखीची होती. मिटलेल्या डोळ्यांना उजेड पुरत नाही, बहिऱ्या कानांना घंटा पुरत नाही. उरतो स्पर्श. आमच्या घरात तर त्याहूनही जुनी तऱ्हा होती, आणि तिला वीज लागत नव्हती.

माझे आजोबा संगमेश्वराकडून मुंबईला आले आणि लालबागेतल्या कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, झाले. साचाखात्यात शेकडो साचे एकदम चालायचे, धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जायचा, आणि प्रत्येक फेरीला खटका. त्या आवाजाची पातळी शंभर डेसिबलच्या आसपास जाते. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओठांवरून आणि हाताच्या खुणांवरून. वीसेक वर्षांत त्या धोट्याने आजोबांचे कान नेले. आधी पातळ आवाज गेले, मग आजीचा आवाज, आणि मग एक दिवस भोंगा.

गिरणगावात भोंगा म्हणजे घड्याळ. घरात घड्याळ नसलं तरी चालायचं. पहाटे एका गिरणीचा, मग दुसऱ्या गिरणीचा, आणि त्यावर अख्ख्या चाळी हलायच्या. आजी सांगायची, भोंगा सगळ्यांच्या कानावर पडायचा, पण माणसाला उठवायचा तो त्याच्या पाळीचाच. रातपाळी करून नुकताच आडवा झालेला त्याच आवाजात कूस बदलून झोपून राहायचा. तिचं हे म्हणणं मला वॉर्डात शंभरदा पटलं आहे. चार मॉनिटर किणकिणत असताना डुलकी लागलेली आई आपल्या मुलाच्या एका हुंकाराला उठून बसते. झोपलेला मेंदूही निवड करत असतो.

आजोबांना निवड करायला आवाजच उरला नव्हता. चाळीत रात्री खोली दुभंगायची. बायापोरं आत, पुरुष बाहेर गॅलरीत ओळीने. दहा-बारा पायांवरून अंधारात ओलांडत जाऊन नवऱ्याला हलवणं बाईमाणसाला जमणारं नव्हतं. नावाने हाक मारायची पद्धत नव्हती, आणि मारली असती तरी गॅलरीभर सगळे उठले असते, एक आजोबा सोडून. मग आजीने त्यांनीच गिरणीतून आणलेलं सूत घेतलं आणि चार पदरी पिळलं. एक टोक आजोबांच्या पायाच्या अंगठ्याला. दुसरं दाराच्या फटीतून आत, तिच्या मनगटाला, बांगड्यांच्या वर. भोंगा झाला की ती पडल्यापडल्याच दोन हिसके द्यायची. तिकडून एक उलटा हिसका आला की समजायचं, जाग आली. मग ती चुलीकडे वळायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि भोंगे मुके झाले. आजी म्हणायची, भोंगा नसलेल्या पहाटे तिला जास्तच लवकर जाग यायची. सूत मनगटाला बांधलेलंच होतं, सवयीने. ओढायचं कशाला, म्हणून ती छताकडे बघत पडून राहायची. अशाच एका पहाटे सुताला तिकडून हिसका आला. हलकाच. आजोबाही अंधारात जागे पडले होते आणि ती जागी आहे का, हे विचारत होते. तिने उत्तर दिलं की नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. पुढे ते दोघं गावी परतले.

पट्टा नुसता उठवत नाही, रात्रभर राखणही करतो. सकाळी मोबाइलवर चढउतारांची रेघ येते. हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नांची झोप, मधल्या जागा. हे सगळं त्याला कसं कळतं याचं मला पहिल्यापासून कुतूहल, कारण माझंही अर्धं आयुष्य तेच काम करण्यात गेलं आहे. हाताची हालचाल मोजणारं एक यंत्र त्यात असतं. हात बराच वेळ स्थिर राहिला की ते झोप धरतं. पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश पितं, प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त वाढतं-कमी होतं, त्यावरून नाडी. आमच्या बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरची हीच भावकी, फक्त तिथे तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. दोन ठोक्यांमधलं अंतर कसं कमीजास्त होतं ते बघून पट्टा झोपेच्या पायऱ्या सांगतो. तो अंदाज असतो. खरी पायरी कळायची तर डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला तारा चिकटवाव्या लागतात. डोक्यावरच्या तारा टिपतात ती मेंदूची लहर माणसात पहिल्यांदा कागदावर उतरवली जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी, १९२४ साली.

नाइटला मी दर थोड्या वेळाने वॉर्डातून फिरते. टॉर्च पायाकडून मारायचा, तोंडावर नाही. छाती वरखाली होतेय, डोळे मिटलेले, हात सैल. पुढची खाट. पहाटे रिपोर्टच्या वहीत लिहिते, ‘स्लेप्ट वेल’. आणि सात वाजता तोच पेशंट म्हणतो, ‘‘सिस्टर, रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो.’’ पहिल्या वर्षी मला वाटायचं, यांना झोपलेलं आठवत नाही. मग एका रात्री ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दाखल झालेल्या एका आजींच्या खाटेशी मी टॉर्च विझवून जरा जास्त वेळ उभी राहिले. मिटल्या डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर उतरत होतं. शेजारच्या खाटेवरची बाई उठू नये म्हणून त्या हलतसुद्धा नव्हत्या. तेव्हापासून मी वहीत ते दोन शब्द घाईने लिहीत नाही.

पट्ट्याचं चुकतं तेही नेमकं इथेच. झोपलेल्याला झोपलेला म्हणण्यात तो सहसा चुकत नाही. निपचित पडलेल्या जाग्या माणसाला मात्र तोही झोपलेला समजतो. तारा लावून केलेल्या तपासणीशी पडताळा घेतला की मनगटी यंत्रांचा हा दोष पुन्हा पुन्हा दिसतो. मला त्याचा राग येत नाही. टॉर्च घेऊन फिरणाऱ्या माझ्यासारखीच त्याची गत आहे. बाहेरून जेवढं दिसतं तेवढंच तो लिहितो.

माझ्या रेघेत स्वप्नांचा भाग आखूड असतो. कारण ठाऊक आहे. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त, स्वप्नांची पहाटेकडे लांबत जाणारी. शिकागोत युजीन अ‍ॅसेरिन्स्की या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाला तारा लावून रात्र रात्र त्याची झोप पाहिली आणि मिटल्या पापण्यांखाली डोळे भिरभिरताना पकडले. त्याचे गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन यांच्यासह त्याने ते १९५३ साली जगापुढे मांडलं. वाचलं तेव्हा मला विज्ञानापेक्षा तो बाप जास्त दिसला, लेकराच्या पापण्यांकडे बघत जागा राहिलेला. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे म्हणतात. खरं होतं की नाही कोण जाणे, पण पहाटे ती जास्त पडतात हे खरं. चार वीसला उठणारी बाई त्यांच्या ऐन भरातून उठते.

याच क्लाइटमननी १९३८ साली केंटकीतल्या मॅमथ गुहेत एका तरुण सहकाऱ्याबरोबर ३२ दिवस काढले. सूर्य नाही, दिवस अठ्ठावीस तासांचा ठरवलेला. तरुणाच्या शरीराने तो मानला. त्रेचाळिशीतल्या क्लाइटमनांच्या शरीराने नाही मानला, ते आपल्या चोवीस तासांना धरून राहिलं. महिन्यात मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशी पाळी फिरवणाऱ्या माझ्या मैत्रिणींपैकी कुणाला सोसतं, कुणी कोमेजते, तेव्हा मला ती गुहा आठवते. ज्यांना सोसत नाही त्या आळशी नसतात. पाळ्यांचा तक्ता करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं.

आमच्यातली एक नवी सिस्टर उठल्याउठल्या आधी पट्ट्याने दिलेले झोपेचे गुण बघायची. अठ्ठ्याहत्तर आले तर बरं वाटायचं, एकसष्ट आले की अंग दुखायला लागायचं. या काळजीला अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी २०१७ साली ऑर्थोसोम्निया असं नाव दिलं. तिला मी म्हटलं, ‘‘अगं, आधी हातपाय ताण, चहा घे, कसं वाटतंय ते स्वतःला विचार, मग आकडा बघ.’’ आता ती आठवड्यातून एकदाच बघते.

मला मात्र आकड्याचा एक मोठा उपयोग झाला. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी असं तज्ज्ञ सांगतात. माझे महिनाभर पाच तास दहा मिनिटांच्या आसपास येत होते. मी दमते, असं मी घरात अनेकदा म्हटलं होतं. पण तो शब्द सगळ्यांच्याच तोंडी असतो, म्हणून कुणाच्या मनात बसत नव्हता. एका रविवारी चार आठवड्यांच्या रेघा नवऱ्यासमोर धरल्या. तो बराच वेळ बघत राहिला. काही बोलला नाही. त्या रात्रीपासून भांडी आणि ओटा त्याच्याकडे. मी दहाला पाठ टेकते. आता सहाच्या वर जाते कधीकधी.

गेल्या मेमध्ये त्याला पावसाआधी गावचं घर शाकारायला जायचं होतं. पहाटेची कोकणातली गाडी. माझी त्या दिवशी सुट्टी होती. रात्री मी माझा पट्टा त्याच्या मनगटाला बांधला, दोन भोकं सैल करून, आणि वेळ लावली तीन चाळीस. झोपेत केव्हातरी त्याचा हात माझ्या खांद्यावर आला असावा. तीन चाळीसला थरथर सुटली, आणि त्याच्या मनगटातून, तळव्यातून ती माझ्या खांद्याच्या हाडात उतरली. मला लख्ख जाग आली.

त्याने हात उचलला, अगदी सावकाश, एकेक बोट सोडवत. मी डोळे मिटलेलेच ठेवले. श्वास लांबवला, हात सैल सोडला, वॉर्डातल्या त्या आजींसारखी पडून राहिले. अंधारात त्याने कपडे घातले, पिशवीची चेन दात मोजावेत तशी ओढली. जाता जाता पायाशी थांबला. माझा अंगठा चादरीबाहेर होता, त्यावर चादर ओढली. मग दाराची कडी बोटाने धरून, न वाजू देता, लावून घेतली.