उलटी नथ

भिजलेल्या कागदावर बोटांची टोकं गोल गोल फिरवत बसलं की एका क्षणी कागदाचा धीर सुटतो. त्याच्या बारीक पांढऱ्या वळ्या होऊ लागतात, बोटांखाली मऊ लगदा जमतो, आणि पहाटेच्या धुक्यातून गाव उलगडत जावं तशी त्याखालून आधी एक भुवई, मग कुंकवाचा गर्द ठिपका, मग लुगड्याचा काठ अशी आजी वर येऊ लागते.

श्वास आपोआप रोखला जातो.

छायाचित्र लाकडावर उतरवण्याची ही रीत तशी साधी. प्रत हवी लेझरची किंवा झेरॉक्सची. इंकजेटची शाई पाण्यानं पसरते. टोनर म्हणजे उष्णतेनं कागदाला चिकटलेली प्लॅस्टिकची भुकटी, तिला पाण्याचं भय नाही. फळीवर ॲक्रिलिक जेल मीडियमचा हात द्यायचा, चित्र त्यावर पालथं घालायचं, हवेचे फुगे दाबून काढायचे आणि रात्रभर वाट पाहायची. सकाळी कागद भिजवून चोळत चोळत काढला की जेलच्या थरात मागे उरते ती फक्त ती भुकटी. या छपाईत पांढरा रंग नसतोच; पांढरं असतं ते कागदाचं. कागद गेला की तेही जातं, आणि त्या मोकळ्या जागी लाकूड येऊन बसतं. आजोळच्या जुन्या फडताळाची सागवानी फळी, जिच्यासमोर आजीच्या कितीतरी सकाळी गेल्या, तीच आता तिच्या गालांची कांती होते, तिच्या कपाळावरून सागाच्या रेषा वाहू लागतात, आणि कुठली रेष झाडाच्या वयाची, कुठली तिच्या, हे सांगता येत नाही.

सांगूही नये.

अमेरिकी चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी 1958 ते 1960 या काळात दांतेच्या ‘इन्फर्नो’च्या 34 सर्गांसाठी 34 चित्रं केली. मासिकांतली छायाचित्रं रसायनानं ओलावून, पालथी घालून, मागून घासून कागदावर उतरवली. त्या घासण्याच्या तिरप्या रेघा चित्रांत तशाच आहेत. पावसाआडून माणसं दिसावीत तशी ती दिसतात. मला त्या रेघा चित्राइतक्याच मोलाच्या वाटतात. हात तिथे होता, एवढं त्या सांगतात.

पालथं घातलेलं चित्र उलटं उमटतं. म्हणून छापण्याआधी ते आरशातल्यासारखं फिरवून घेतात. अक्षरं असतील तर ते करावंच लागतं. आजीचा फोटो मी मुद्दाम फिरवला नाही. डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे गेली, डाव्या खांद्यावरचा पदर उजव्यावर आला. हे रूप आम्ही कुणीच कधी पाहिलं नव्हतं. पण भिंतीवरच्या त्या डागाळल्या आरशात, कुंकू रेखताना, रोज सकाळी ती स्वतःला पाहत होती ती अशीच. आम्हाला ठाऊक होती ती आमची आजी.

ही तिची तिची.

वाळल्यावर फळीवर पांढुरकी झाक येते, ते राहून गेलेले कागदाचे तंतू. पुन्हा ओलं बोट, पुन्हा सावकाश चोळणं, आणि शेवटी व्हार्निशचा हात. तुमच्या घरात असा एखादा चेहरा पेटीत पडून असेल तर तो लाकडावर उतरवून पाहा. मूळ फोटो मात्र कधीही भिजवू नका; लेझर प्रतच घ्या.