हाताला सापडणारा गिअर

आमच्याकडे गिअरची सायकल म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘किती गिअर?’ एकवीस म्हटलं की समोरच्याच्या भुवया वर जातात, सात म्हटलं की ‘बस्स, एवढेच?’ गेले चार महिने हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला की त्याचं उत्तर सविस्तर लिहूनच टाकावं म्हटलं.

मला रोड बाइक घ्यायची होती. पातळ टायर आणि मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हॅंडल असलेली. येळ्ळूरहून रोज कॉलेजला यायला आणि रविवारी राजहंसगडाचा चढ चढायला. शिकवण्या घेऊन जमवलेले ३०,००० रुपये हातात होते. घरी विषय काढल्यावर बाबा म्हणाले, “सायकल घ्यायलीस की विमान?” आईचा मुद्दा जास्त बिनतोड होता. २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे. फुकट बस दारातून जात असताना पैसे घालून घाम कशाला गाळायचा? पण बस भरून येते, आणि आपल्या वेळेला येत नाही. लायब्ररीत पाच वाजल्यानंतरही बसता यावं, घड्याळाकडे बघत पुस्तक मिटावं लागू नये, एवढंच मला हवं होतं. सायकल माझ्यासाठी त्याची किंमत होती.

दुकानं फिरायला लागले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. स्वस्तातल्या रोड बाइकमध्ये फ्रेम, चाकं, टायर यांत डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही. खरा फरक असतो गिअर बदलायची कळ, म्हणजे शिफ्टर, कुठे बसवलाय यात. किमतीतलं अंतरही बऱ्याचदा तिथूनच येतं.

याला थोडा इतिहास आहे. टूर द फ्रान्स या शर्यतीत चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर वापरायला १९३७ सालापर्यंत परवानगीच नव्हती. नंतर कितीतरी वर्षं शिफ्टर असायचे फ्रेमच्या खालच्या तिरक्या दांडीवर. गिअर बदलायचा तर हॅंडलवरचा एक हात सोडून गुडघ्यापाशी न्यायचा, आणि कळ किती ओढायची ते अंदाजाने ठरवायचं. १९८४ मध्ये शिमानोने आपल्या ड्युरा-एस संचात ‘टक्’ करून बसणारा गिअर आणला. प्रत्येक टक्‌ला वायर ठरावीकच ओढली जाते, त्यामुळे अंदाज संपला. १९९० मध्ये त्यांनी शिफ्टर थेट ब्रेकच्या लिव्हरमध्येच घातला आणि हात सोडणंही संपलं. दोन वर्षांनी कॅम्पानोलोने आपली तशीच पद्धत आणली. तेव्हा शर्यतीतल्या महागड्या सायकलींवर असलेली ही सोय उतरत उतरत आज आपल्यासारख्यांच्या सायकलींपर्यंत आली आहे. पण सगळ्यांत खालच्या पायरीवर ती सारखी मिळत नाही.

मला तीन प्रकार दिसले. पहिल्यात शिफ्टर हॅंडलच्या मधोमध, दांड्याजवळ बसवलेला. स्वस्त, साधा, बिघडला तर एकटा बदलता येणारा. दुसऱ्यात ब्रेकची लिव्हर आत ढकलली की चेन मोठ्या चक्रावर जाते, आणि परत यायला लिव्हरच्या बुडाशी, आतल्या बाजूला अंगठ्याचं बटण. हात वर असताना छान, पण हॅंडलच्या खालच्या वळणावर धरलं की अंगठा तिथे पोचत नाही. तिसऱ्यात ब्रेकच्या लिव्हरमागे आणखी एक छोटी लिव्हर. मोठी ढकलली की एक दिशा, छोटी ढकलली की दुसरी. वर धरा, खाली धरा, दोन्ही बोटाला सापडतात.

पहिल्या प्रकाराची नवी सायकल माझ्या पैशांत बसत होती, सात गिअरची. तिसऱ्या प्रकारची, मागे आठ गिअरची, १४,००० रुपयांनी महाग होती.

एका दुकानदाराने माझे हात बघितले आणि म्हणाला, “पोरींना सरळ हॅंडलच बरं.” माझे हात खरंच लहान आहेत, बोटं आखूड. पण त्यावर उपाय सायकलवरच असतो. बऱ्याच लिव्हरमध्ये एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हॅंडलच्या जवळ येते. दुसऱ्या दुकानातल्या मेस्त्रींनी तो फिरवून दिला आणि म्हणाले, “चालवून बघ की. बघायला पैसे पडत नाहीत.” खालच्या वळणावर धरून दोन बोटांनी ब्रेक पूर्ण दाबता आला, आणि त्याच बोटांनी गिअरही बदलता आला. सरळ हॅंडलचा सल्ला तिथेच निकालात निघाला.

तरी १४,००० चा प्रश्न उरलाच. मी आमचा रस्ता डोळ्यांसमोर आणला. वडगावात शिरलं की रिक्षा, बस, मध्येच बसलेली गाय. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेला शेतातला चिखल. तिथे ब्रेक लावणं आणि गिअर हलका करणं ही दोन कामं एकाच क्षणाला येतात. शिफ्टर मधोमध असला तर हात ब्रेकवरून निघणार नेमका तेव्हाच, जेव्हा तो ब्रेकवर असायला हवा. मोकळ्या, सपाट रस्त्यावरच फिरणाऱ्याने हे पैसे वाचवावेत, खुशाल. माझा रस्ता तसा नाही.

“आत्ता स्वस्त घे, शिफ्टर नंतर बदल,” असंही काहींनी सुचवलं. मेस्त्रींना विचारलं तर त्यांनी बोटं मोडून दाखवली. सातचे आठ करायचे तर दोन्ही लिव्हर, मागचा चक्रांचा गट, वायरी, कदाचित चेन आणि मागचं चाकही, शिवाय मजुरी. ब्रेकसकटच्या लिव्हर हाच सगळ्यांत महाग भाग. त्यापेक्षा थांबणं स्वस्त.

मग थांबले. आईच्या भिशीचा नंबर जानेवारीत होता. फुकट बसचा मुद्दा मांडणाऱ्या आईनेच त्यातले १४,००० माझ्या हातावर ठेवले. दर महिन्याला हजार परत द्यायचे ठरले आहेत. वहीत लिहून ठेवलंय, तिच्या आणि माझ्याही.

गडाचा चढ मात्र शिफ्टरमुळे सोपा होत नाही, हेही सांगायला हवं. चढ ठरतो दातांवर. पुढे ३४ दात आणि मागे ३२ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वादोन मीटर जाते. मागे २८ च असतील तर अडीच मीटरच्या वर, म्हणजे पायाला तेवढा जास्त जोर. म्हणून ‘किती गिअर’ विचारण्याआधी ‘मागचं सगळ्यांत मोठं चक्र किती दातांचं’ हे विचारा. दुकानदार जरा सावरून बसतो.

आणि पैसे देण्याआधी एवढं करा. सायकलवर बसा, हॅंडल खालून धरा, नजर समोर ठेवा, आणि खाली न बघता दहा वेळा गिअर बदला, दहा वेळा ब्रेक दाबा. एकदाही बोट चाचपडलं तर स्क्रू फिरवून घ्या, नाहीतर दुसरी सायकल बघा. नवी सायकल महिन्याभराने पुन्हा दुकानात न्या, कारण सुरुवातीला वायर सैलावते आणि गिअर कुरकुरायला लागतो. मेस्त्री एक छोटी पिळाची चकती थोडी फिरवतात, काम झालं.

परवा लायब्ररीतून साडेसहाला निघाले. वडगावात नेहमीची गर्दी होती. घरी पोचल्यावर आईने विचारलं, “बस मिळाली काय गं?” मग तिलाच हसू आलं.