बिघाडाचा पत्ता

आर्द्रा लागल्या की बेळगावजवळच्या हिंडलग्यातल्या जुन्या घरांच्या लाकडी खिडक्या फुगतात. वैशाखात एका बोटाने लागणारं कवाड आषाढात खांदा देऊन रेटावं लागतं. वेंगुर्ला रोडवर उभं राहून सुळगा-उचगावच्या शिवाराकडे पाहिलं, तर पाऊस येताना डोळ्यांना दिसतो. आधी भाताची खाचरं पुसट होतात, मग झाडं, मग रस्ता. गणपतीचं देऊळ आणि कारागृहाच्या लांबच लांब भिंती भिजवून तो कॅम्पाकडे सरकतो. या दिवसांत मीठ पाघळतं, काड्यापेटी रुसते, वाळत घातलेल्या कपड्यांना वास येतो. आणि नेट जातं.

नेट जाणं ही आता चैनीतली अडचण राहिलेली नाही. आमच्या घरी मुलगी पुण्यातल्या कंपनीचं काम माडीवर बसून करते. या भागातल्या कितीतरी मुलामुलींना अशा कामामुळे घर सोडावं लागलेलं नाही, आईबापांच्या पानाला पान लावून ती जेवतात. शिवाय आम्ही कर्नाटकात राहून मराठीत वाचणारी माणसं. गावात न मिळणारा दिवाळी अंक, कोल्हापूर-पुण्याची बातमी, पलीकडच्या विद्यापीठाचा अर्ज, सारं याच तारेतून घरात येतं. ती तार मुकी झाली की घर एकदम लांब कुठेतरी गेल्यासारखं वाटतं.

ती मुकी व्हायची संध्याकाळी. दिवसभर सुरळीत, आणि दिवेलागण झाली की बंद. ज्याला सांगावं तो म्हणे, पावसाळ्यात असंच चालायचं. कुणी म्हणे, संध्याकाळी सगळेच नेट लावतात, ताण येतो. या 'असंच चालायचं'चा मला मनापासून राग आहे. सीमाभागाला वाट पाहण्याची फार सवय लागली आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि पिढ्या बदलल्या तरी माणसं तारखांकडे डोळे लावून आहेत. मोठ्या प्रश्नांपुढे थांबण्यावाचून इलाज नसतो, हे मान्य. पण ती सवय घरातल्या तारेपर्यंत येऊ देऊ नये. येऊन-जाऊन असणारा बिघाड लहरी वाटतो, तरी त्याला कारण असतं, आणि त्याचा एक नेमका पत्ता असतो.

पत्ता शोधायचा तर पहिला प्रश्न एकच, बिघाड घरातला की बाहेरचा? आमच्या भिंती जांभ्याच्या, हातभर जाडीच्या. वायफायच्या लहरी त्यात बऱ्याच जिरतात. ५ गिगाहर्ट्‌झच्या अधिक, २.४ च्या कमी. म्हणून आधी वायफाय बाजूला ठेवलं आणि संगणक वायरने थेट राउटरला जोडला. संध्याकाळी तरीही नेट गेलं. भिंती निर्दोष ठरल्या.

मग पिंग. माइक म्युस नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ साली लिहिलेला हा चिमुकला प्रोग्राम. तो समोरच्या यंत्राला एक हाक मारतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगतो. घरातल्या राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. त्याला हाक मारली की मिलिसेकंदात ओ यायची. बाहेर गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला हाक मारली की शांतता. ताण असता तर उत्तर उशिरा आलं असतं, इथे येतच नव्हतं. मंदावणं वेगळं आणि तुटणं वेगळं. त्याच वेळी शेजारी चौकशी केली तर त्यांच्याकडे नेट व्यवस्थित. म्हणजे रस्त्यावरची मुख्य केबलही निर्दोष. राहता राहिला खांबापासून आमच्या डब्यापर्यंतचा तुकडा. डब्यावर एल.ओ.एस. अक्षरांखालचा लाल दिवा लुकलुकत होता. उजेड घरापर्यंत पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उजेड म्हणजे खरोखरच उजेड. काळ्या केबलच्या पोटात काचेचा धागा असतो. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, माणसाच्या केसाएवढी, आणि त्यातही प्रकाश वाहतो तो मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आतल्या आत परावर्तित होत सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने धावतो. या काचेचीही एक गोष्ट आहे. १९६० च्या दशकात काचेच्या धाग्यातून पाठवलेला उजेड काही मीटरांतच विझायचा. काच असायचीच तशी, अशी बहुतेकांची समजूत होती. इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत काम करणारे चार्ल्स काव आणि त्यांचे सहकारी जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली दाखवून दिलं, की दोष काचेचा नाही, तिच्यात मिसळलेल्या लोखंडासारख्या अशुद्ध द्रव्यांचा आहे. ती काढली तर किलोमीटरभर गेल्यावरही शंभरातला एक भाग उजेड उरेल, आणि तेवढा पुरे. चारच वर्षांत, १९७० साली, अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने त्याहून सरस धागा तयार केला. काव यांना २००९ साली नोबेल मिळालं. जगभरच्या समुद्रतळांवरून आज जी बोलणी चालतात, ती 'काच असायचीच तशी' हे न मानणाऱ्या माणसांमुळे.

आमचा उजेड नेमका कधी तुटतो हे कळावं म्हणून मी एक वही घातली. नेट गेलं की वेळ लिहायची आणि त्या क्षणी घरात काय चाललं होतं तेही लिहायचं. पानं भरली तसा आकार दिसू लागला. दुपारच्या मुसळधार पावसात नेट टिकत होतं, कोरड्या संध्याकाळीही जात होतं. म्हणजे पाऊस थेट दोषी नव्हता. जवळजवळ प्रत्येक नोंदीशेजारी एकच गोष्ट होती. डास येतात म्हणून दिवे लावायच्या आधी खिडक्या ओढून घेतलेल्या. आणि केबल घरात आली होती ती माडीच्या खिडकीच्या चौकटीवरून.

वही लाईनमनच्या हातात दिली. पोरगा विशीतला, रेनकोटमधून पाणी निथळत होतं. त्याने डब्यातून केबल काढून मीटरला लावली. आकडा आला उणे १९. "काका, हे झकास हाय. आता खिडकी लावा बघू." खांदा देऊन कवाड रेटलं. मीटर उणे २९ वर गेला. या मोजमापात दहाचा फरक म्हणजे उजेडाचा दहावा हिस्साच उरला, आणि असा डबा उणे २७ च्या आसपासपर्यंतच वाचू शकतो. "डबा चांगला हाय तुमचा. त्याला उजेडच पोचंना." मग त्याने लाल लेसरचं पेन केबलच्या टोकाला लावलं आणि खोलीतला दिवा घालवायला सांगितला. चौकटीच्या कोपऱ्यात, कवाडाच्या दाबाखाली, केबलचा एक ठिपका निखाऱ्यासारखा लाल उजळला. धागा फार वाकला की प्रकाशाला आत परतायचा कोन मिळत नाही आणि तो वाटेतच बाहेर सांडतो. उन्हाळ्यात चौकटीत फट होती, धागा मोकळा होता. लाकडाने पाणी धरलं आणि फट मिटली. बिघाडाचा पत्ता सापडला.

पुढचं काम त्याने ज्या निगुतीने केलं, ते पाहत राहावं असं होतं. जांभ्यात बाहेरच्या अंगाला उतार देऊन भोक पाडलं, म्हणजे पाणी आत येऊ नये. दबलेला भाग कापला. धाग्याचं आवरण सोललं, स्पिरिटने पुसलं, टोक काटकोनात तोडलं. धागे सांधणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर दोन टोकं मोठी होऊन समोरासमोर आली, क्षणभर ठिणगी झाली आणि काच काचेला मिळाली. सांधा नजरेला दिसेनासा झाला. लाल दिवा विझून हिरवा लागला. त्या संध्याकाळपासून खिडक्या लावूनही नेट चालू आहे.

तुमच्याकडेही नेट येऊन-जाऊन असेल, तर आधी एक वही घाला. वेळ लिहा, घरात काय चाललं होतं ते लिहा, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, शेजारी विचारा. तक्रार करताना ती वही पुढे ठेवा. भर पावसात खांबावर चढणाऱ्या पोराचे कष्ट त्याने निम्मे होतात. आणि 'असंच चालायचं' असं कुणी म्हणालं, तर ते उत्तर म्हणून स्वीकारू नका.