आदल्या दिवशीचं पुरण

आमच्या परभणीकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. पहिल्या दिवशी भाजी-भाकरीवर भागतं. जेवणाच्या दिवशी मात्र पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या, आंबील, कढी, पंचामृत, भजी, कोशिंबिरी, वरण-भात, असं सगळं ताटात लागतं. हे झाडून सगळं त्याच दिवशी, पहाटे न्हाऊन, सोवळ्यात रांधलं पाहिजे, अशी माझी समजूत होती. नुसती समजूत असती तर बिघडलं नसतं, पण मी ती घरात सगळ्यांवर लादत होते. कुणाकडे आदल्या रात्री पुरण करून ठेवतात असं कळलं की ‘देवीला शिळं घालतात’ हे माझ्या तोंडून निघायचंच. आज ते वाक्य आठवलं तरी शरम वाटते.

ज्या वर्षी सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं, त्या वर्षी धाकटी जाऊ पुण्याहून आदल्या रात्री आली. नोकरी करून, बसचा प्रवास करून आली, आणि येताना पुरण, पंचामृत, खवलेला नारळ, निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळलेली मेथी-चुका असं सगळं घेऊन आली. पुरणाचा स्टीलचा डबा मी तिच्यादेखत फ्रीजमध्ये पार मागे सरकवला आणि उद्यासाठी हरभऱ्याची डाळ भिजत घातली. ती काही बोलली नाही, गवारीच्या शिरा काढत बसली. तिच्या त्या गप्प बसण्याची मला तेव्हा जाणीवही झाली नव्हती.

सकाळी घाई झाली. डाळीचा कट नीट निथळायच्या आत मी गूळ घातला. गुळाला पाणी सुटलं, आच मोठी करून घाटत राहिले, तरी पुरण सैलच राहिलं. पहिली पोळी लाटतानाच काठाला फुटली, पुरण तव्यावर सांडून करपलं. दुसरीचंही तेच. बाहेर सवाष्णी येऊन बसल्या होत्या, मुलं भुकेनं कावली होती, घरभर करपलेल्या गुळाचा वास.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “फुलोरा कधी तळलास गं?”

“परवा.”

“मग तो चालला ना त्यांना?”

फुलोरा म्हणजे महालक्ष्म्यांच्या डोक्यावर दोऱ्यांनी टांगतात त्या करंज्या, पापड्या, वेणी, फणी. मीच दोन दिवस आधी तळून स्वतःच्या हातानं बांधला होता. तो शिळा आहे असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. उत्तर सुचलं नाही. हातातलं लाटणं तसंच धरून मी उभी राहिले, आणि एकेक गोष्ट डोळ्यांपुढे यायला लागली. ताटातली कुरडई चैत्रातल्या उन्हात वाळवलेली. लोणचं पहिल्या पावसाच्या आधीचं. सोळा भाज्यांतला काळा मसाला वैशाखात कुटून बरणीत भरलेला. श्रावणात शिळासप्तमीला तर आम्ही मुद्दाम आदल्या दिवशीचं अन्न शितळादेवीला दाखवतो, त्या दिवशी चूलही पेटवत नाही. यातलं काहीच मला खुपलं नव्हतं. खुपलं होतं ते फक्त जावेच्या डब्यातलं पुरण.

डबा काढला. रात्रभर गार राहून पुरण घट्ट बसलं होतं, हाताला न चिकटता गोळा वळत होता, जायफळ आतपर्यंत मुरलं होतं. पोळी काठापर्यंत भरली आणि तव्यावर टम्म फुगली. नैवेद्य त्याच पोळ्यांचा झाला. आरतीला मी हात पुसत धावत न येता पहिल्यापासून उभी होते. रात्री भांडी आवरताना जावेची माफी मागितली. ती “असू द्या ताई” म्हणाली. मी आणखी बोलायला हवं होतं.

पुढे वाचताना कळलं की धर्मशास्त्रात शिळ्या अन्नाला पर्युषित म्हणतात, आणि मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तूप-तेलाच्या, गव्हा-जवाच्या आणि दुधाच्या पदार्थांना त्या निषेधातून सूट दिली आहे. ते खाण्याबद्दल आहे, नैवेद्याबद्दल नाही, हे मान्य. ज्या घरांत सोवळं मनापासून पाळतात त्यांना मी काही शिकवू जात नाही. पण माझ्या आग्रहात श्रद्धा किती होती, हे आता मला नीट दिसतं. ‘सगळं ताजं, सगळं एकटीनं केलं’ हे चारचौघींनी म्हणावं याची मला चटक लागली होती. त्या कौतुकापायी मी पाठीनं वाकलेल्या सासूबाईंना पहाटे चारला उठवत आले आणि इतक्या लांबून राबायला येणाऱ्या बाईला कमी लेखलं.

तेव्हा तुमच्याकडेही यंदा महालक्ष्म्या असतील, तर पुरण आदल्या दिवशी करून ठेवा. कट पूर्ण निथळू द्या, डाळ-गूळ आटला की गरम असतानाच यंत्रातून काढा, परातीत पसरून निववा आणि मगच डबा बंद करा. गरम झाकलंत तर झाकणाचं पाणी पुरणात उतरतं. भाद्रपदाच्या दमट हवेत शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. कट तर लगेच फ्रीजमध्ये, सकाळी खळखळून उकळून मग फोडणी. पंचामृत, चटण्या, खवलेलं खोबरं, निवडलेल्या भाज्या आधी चालतात. भजी, कोशिंबीर आणि पोळ्या भाजणं त्याच दिवशीचं. भात मात्र कधीही आदल्या दिवशी करून बाहेर ठेवू नका. त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही.