घोडकाठची पांढर

मंडळी, आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढर. एका जागी पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, भिंती पडल्या, पुन्हा उठल्या, की तिथल्या मातीचा रंगच बदलतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठी, इनामगावला अशीच एक जुनी पांढर आहे. किती जुनी? तिथं पहिली घरं उभी राहिली ती इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास!

डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर या जाणत्यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. राजवाडा नाही निघाला. निघालं ते तुमच्या-आमच्या घरातलं : चुली, रांजण, धान्याची पेवं, गुरांची हाडं, जळून काळे झालेले दाणे. सातू हे त्यांचं मुख्य पीक. जोडीला मसूर, वाटाणा, हुलगा. गेलेलं लेकरू दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून ठेवीत आणि घरातच जमिनीखाली पुरीत. लेकरू उंबऱ्याबाहेर जाऊ नये, एवढीच माया त्यामागं असावी असं मला वाटतं.

पण खरं नवल त्यांच्या पाटाचं. सुमारे चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल! शेजारी दगडमातीचा बांध. पुराचं पाणी वळवून ते शेताला घेत असावेत, असं उत्खनन करणाऱ्यांनी सांगितलं. तेव्हा लोखंड आलेलं नव्हतं. तांबं होतं, तेही थोडकं. अशा हत्यारांनी एवढा चर एका घराच्यानं होत नाही, हे विहीर खणलेल्या माणसाला सांगायला नको. सारं गाव राबलं असणार. एक पाच खोल्यांचं घरही सापडलं, लगत धान्याचं कोठार. गावचा प्रमुख तिथं राहत असावा.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊस कमी होत गेला, असं ढवळीकरांचं मत. मातीच्या थरांत ओढगस्त दिसते : खाली ऐसपैस चौकोनी घरं, वर लहान गोल झोपड्या. शेती खालावली, शिकारीवर भिस्त वाढली. तरी माणसं दोन-तीनशे वर्षं चिकटून राहिली. ७०० च्या सुमारास मात्र गाव उठलं.

पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकण्याची आपली जुनी रीत. गाडी भरताना काळ्या नक्षीचं लाल खापर हाती लागलं, तर जरा थांबा, जाणत्याला दाखवा. बांधावर फेकलेलं खापर पुन्हा बोलत नाही.

इनामगावच्या वरच्या अंगाला आता चिंचणीचं धरण आहे, आणि काठानं ऊस डोलतो.