हिमनदीच्या जागची खाडी

अमेरिकेच्या नकाशात अलास्का बहुधा खालच्या कोपऱ्यात, वेगळ्या चौकटीत, लहान करून छापलेला असतो. त्यामुळे हे राज्य महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठे आहे, हे चटकन लक्षात येत नाही. त्याच्या आग्नेय किनारपट्टीवर ग्लेशियर बे नावाची लांबलचक खाडी आहे आणि खाडीच्या तोंडाशी, बार्टलेट कोव्ह येथे, एक लाकडी लॉज आहे. 1966 मध्ये सुरू झालेला हा लॉज फक्त उन्हाळ्यात उघडतो. तिथे बाहेरून रस्त्याने जाता येत नाही. राज्याची राजधानी जूनो हीसुद्धा रस्त्याने जगाशी जोडलेली नाही. तिथून विमानाने अर्ध्या तासाच्या आत गस्टेव्हस हे छोटे गाव येते आणि मग सोळा किलोमीटरचा एकुलता एक रस्ता.

माझा धाकटा भाऊ सिएटलला असतो. त्याची पत्नी धारवाडची, त्यामुळे त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मला काका न म्हणता ‘दोड्डप्पा’ म्हणतो. 2019 च्या जूनमध्ये या तिघांबरोबर मी तिथे तीन दिवस राहिलो. वीस वर्षे वर्गात फळ्यावर हिमनदी काढून दाखवली होती. ती मी स्वतः पाहिलेली नव्हती. भूगोलाच्या मास्तराला तेवढे कारण पुरे.

लॉज दाट स्प्रूस वृक्षांत लपलेला आहे. पोचल्या पोचल्या पहिली सूचना मिळाली ती खाण्याची. उघड्यावर खाण्याची वस्तू ठेवायची नाही, कारण अस्वलांना वास लागतो. तंबूत राहणाऱ्यांना तर अन्न ठेवायला अस्वलाला उघडता न येणारे डबे दिले जातात. भावजयीने घरून थालीपीठे आणि शेंगाचटणी आणली होती. ती खोलीत बंद करताना ती म्हणाली, “भावा, या चटणीच्या वासाला अस्वल नाही, अख्खं धारवाड येईल.” शाकाहारी मंडळींनी असा शिधा जवळ ठेवावाच. उपाहारगृहात सामन आणि हॅलिबट हे मासे उत्तम, पण ज्यांना चालत नाहीत त्यांची भिस्त सूप आणि पावावर.

लॉजमागून निघणारी दीड किलोमीटरची जंगलवाट कोणालाही झेपेल अशी आहे. खाली मऊ शेवाळ, खोडांवर शेवाळ, पडलेल्या ओंडक्यांवर नवी रोपे. श्रावणातली आंबोली आठवावी, फक्त गारठा दुप्पट. वाटेवर आणि तळ्याकाठी हिंडताना हे जंगल अनादि काळापासूनचे असावे असेच वाटते. प्रत्यक्षात ते जेमतेम दोनशे वर्षांचे आहे. 1794 मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरच्या मोहिमेतील लोक इथे आले तेव्हा खाडी नव्हतीच. बर्फाच्या भिंतीने तिचे जवळजवळ सारे तोंड बुजवले होते. 1879 मध्ये जॉन म्यूर हे निसर्गलेखक स्थानिक ट्लिंगिट वाटाड्यांच्या होडीतून आले, तोवर बर्फ साठ-सत्तर किलोमीटर मागे हटला होता. 1916 पर्यंत तो शंभर किलोमीटरवर, खाडीच्या वरच्या टोकाला पोचला. हे सारे आजच्या तापमानवाढीच्या खात्यावर टाकता येत नाही. काही शतके चाललेला थंडीचा काळ संपल्यामुळे या माघारीला सुरुवात झाली. आता मात्र इथल्या बहुतेक हिमनद्या झपाट्याने पातळ होत आहेत, आणि त्यात आपला वाटा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बोट निघाली. हा प्रवास सुमारे आठ तासांचा. जून असला तरी कानटोपी, हातमोजे, जाड जाकीट हवेच. साउथ मार्बल बेटावर समुद्रसिंहांचा गलका होता आणि नारिंगी चोचींचे पफिन पाण्याला चिकटून उडत होते. समुद्री ऊद पाठीवर पडून, पोटावर शिंपले ठेवून निवांत खात होते. हंपबॅक देवमासे हवाईच्या कोमट समुद्रातून उन्हाळ्यात इथे चरायला येतात. एकाची शेपटी वर आली तेव्हा चिरंजीव ओरडले, “दोड्डप्पा, इल्ली नोड्री!” आणि मी वळेपर्यंत ती बुडाली. बोटीवरच्या उद्यान-रक्षकांनी सांगितले की शेपटीच्या खालच्या काळ्यापांढऱ्या नक्षीवरून एकेक देवमासा ओळखता येतो. लॉजजवळ ‘स्नो’ नावाच्या मादीचा चौदा मीटरचा सांगाडा उभा केला आहे. 2001 मध्ये एका मोठ्या पर्यटक जहाजाच्या धडकेने ती मेली. ती गाभण होती. आता दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना खाडीत प्रवेश मिळतो.

पण माझे लक्ष प्राण्यांपेक्षा काठाकडे होते. बोट उत्तरेला सरकते तसतशी झाडे लहान होत जातात. आधी उंच स्प्रूस, मग कॉटनवुड, मग नुसती अल्डरची झुडपे, मग जमिनीलगत पसरलेली ड्रायस नावाची वेल आणि शेवटी नागडा खडक. बर्फ जिथून आधी गेला तिथे जंगल मोठे, जिथून काल गेला तिथे काहीच नाही. म्हणजे एका दिवसात आपण दोनशे वर्षे उलट जातो. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहेत. तोच उद्योग इथे अल्डर आणि ड्रायस करतात. हवेतला नत्र मुळांतून जमिनीत भरतात, तेव्हा कुठे मागून येणाऱ्या झाडांची सोय होते. विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1916 मध्ये इथे एकेक मीटरचे चौकोन आखून त्यांत काय उगवते याची नोंद सुरू केली. त्याच चौकोनांचा अभ्यास शंभर वर्षांनंतरही चालू राहिला. पाठ्यपुस्तकातल्या ‘वनस्पती अनुक्रमण’ या रुक्ष धड्यामागे एवढी चिकाटी आहे, हे मुलांना सांगायला हवे.

दुपारी मार्जरी हिमनदीसमोर इंजिन बंद झाले. दीड किलोमीटर रुंद, पंचवीस मजली इमारतीएवढी उंच बर्फाची भिंत समुद्रात उभी. दाबाने घट्ट झालेला बर्फ प्रकाशातला तांबडा रंग शोषतो, म्हणून भेगांमधून निळा दिसतो. फळ्यावर मी तो कायम पांढऱ्या खडूने काढत आलो! तेवढ्यात भिंतीचा एक खांब निःशब्द खाली घसरला. पाणी उसळले आणि मग, क्षणभराने, तोफेसारखा आवाज आला. ट्लिंगिट लोक याला पांढरी मेघगर्जना म्हणतात. शेजारचीच ग्रँड पॅसिफिक हिमनदी दगडमातीने इतकी माखली आहे की तिच्याकडे कोणी कॅमेरा वळवला नाही. पण 1794 मध्ये खाडीच्या तोंडापर्यंत आलेल्या त्या विराट बर्फाची ही मुख्य वारस. मी तिचाच फोटो काढला.

तिसरा दिवस कयाक वल्हवण्यासाठी होता, पण पाऊस लागला. भाऊ आणि चिरंजीव तरीही बेटांमध्ये दोन तास भिजून आले. मी आणि भावजय किनाऱ्यावरच्या कुलगृहात गेलो, आणि सहलीतला सर्वांत चांगला वेळ तिथे गेला. या घराचे नाव ‘खुना शुका हीट’, म्हणजे हुना पूर्वजांचे घर. देवदारी लाकडाच्या दर्शनी भिंतीवर कुळांची चिन्हे रंगवली आहेत. 2016 मध्ये ते उभे राहिले. त्याआधी अडीचशे वर्षे या खाडीत हुना ट्लिंगिटांचे एकही कायमचे कुलगृह नव्हते.

कारण बर्फ येण्याआधी इथे खाडी नव्हती, तशी ओसाडीही नव्हती. इथे नदीचे गवताळ खोरे होते आणि त्यात हुनांची गावे होती. अठराव्या शतकात हिमनदी पुढे सरकू लागली. कुत्रा धावावा तशी आली, असे त्यांच्या परंपरेत सांगतात. होड्यांत बसून लोक सामुद्रधुनीपलीकडे गेले आणि तिथे हूना हे गाव वसवले. या स्थलांतराची कथा त्या त्या कुळाची मालमत्ता मानली जाते, म्हणून मी ती इथे लिहीत नाही. पुढे बर्फ हटला, ते लोक शिकारीला, बेरी खुडायला परत येऊ लागले. मग 1925 मध्ये सरकारने हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक ठरवला, 1980 मध्ये राष्ट्रीय उद्यान. हेतू चांगला होता, पण ‘अस्पर्श निसर्ग’ जपताना ज्यांचे हे घर त्यांच्यावरच एकेक बंदी आली. समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करणेही बेकायदा ठरले. घरट्यात तीन अंडी असली तर हात लावायचा नाही, एक-दोन असली तरच उचलायची, म्हणजे पक्षीण पुन्हा घालते. असा त्यांचा जुना, शहाणा नियम होता. अखेर 2014 मध्ये अमेरिकी संसदेला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

माहिती देणाऱ्या हुना बाईंचा जन्म पलीकडच्या गावातला. तरी “मी इथली,” असे त्या सहज म्हणाल्या. भावजय मला हळूच म्हणाली, “आपल्याकडे नाही का, ‘निम्म ऊर याव्दु’ विचारलं की जन्मगाव कोण सांगतंय?” खरेच आहे. बेळगावात जन्मलेला माणूस ‘तुमचं गाव कुठलं’ म्हटल्यावर आजोबांचे गाव सांगतो, मग तिथे घराचे जोतेही उरलेले नसो. हिडकल धरणाचे पाणी उतरले की हुन्नूरचे बुडालेले विठ्ठल मंदिर उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात, हे मी त्या बाईंना मोडक्या इंग्रजीत सांगितले. त्यांनी दोन प्रश्न विचारले: मंदिर बांधणाऱ्यांचे वंशज आता कुठे राहतात, आणि पाणी चढल्यावर ते काय करतात?

इंग्रजी नकाशावर ही खाडी ‘ग्लेशियर बे’ आहे. हुनांनी मात्र प्रत्येक अवस्थेला वेगळे नाव दिले. बर्फ येण्यापूर्वीच्या खोऱ्याचे एक, बर्फाचे तुकडे भरलेल्या काळाचे दुसरे, आणि आताचे ‘सीट ईटी गीयी’, म्हणजे हिमनदीच्या जागी आलेली खाडी. भूगोलाची इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्या ग्रंथात सापडलेली नाही.

परतताना गस्टेव्हसच्या धावपट्टीपाशी थांबलो होतो. बर्फाचे ओझे उतरल्यामुळे इथली जमीन अजून दरवर्षी सुमारे तीन सेंटिमीटर वर येते आहे. समुद्राखालून निघालेल्या अशा एका तुकड्यावर गोल्फचे मैदानही झाले. मी चिरंजीवांना हिशेब घातला. दहा वर्षांत तीस सेंटिमीटर, म्हणजे त्यांच्या जन्मापासून जमीन फूटभर वाढली.

“मग मी जास्त वाढलो,” तो म्हणाला आणि थालीपीठाचा डबा मागू लागला.