काकांचा मुक्काम

पिरंगुटच्या आमच्या घरी काकांचे सहस्रचंद्रदर्शन यथासांग पार पडले आणि दुसऱ्याच दिवशी घरात दोन पक्ष पडले. काका-काकूंस दोन रात्री मुंबईस उत्तम ठिकाणी ठेवावयाचे, एवढे सर्वानुमते ठरले होते. कोठे, हे मात्र ठरेना. चिरंजीवांनी विमानतळाजवळचे एक नवे हॉटेल सुचविले. तेथे म्हणे पडदे आपोआप सरकतात आणि खोलीत शिरेपर्यंत मनुष्याचे तोंड दृष्टीस पडत नाही. हा त्याच्या मते गुण होता.

आम्ही ताजमहालच्या जुन्या इमारतीचा आग्रह धरला. ती १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडली तेव्हा पाहुणे अवघे सतरा होते, आणि समोर गेटवे ऑफ इंडियाही नव्हता. तो १९२४ सालचा. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य व मिर्झा यांचा. काम पुरे केले ते चेंबर्स या इंग्रजाने. शेजारचा उंच मनोरा सुमारे सत्तर वर्षांनी उभा राहिला. परंतु आमचे मन बसले ते निराळ्याच कारणाने. एका विवाहानिमित्त आम्ही तेथे एक रात्र काढली होती. चहा घेऊन आलेल्या वृद्ध सेवकाने आम्ही चष्मा चाचपडत शोधतो हे एकदाच पाहिले. रात्री परतलो तो दिवा उशाशी सरकविलेला आणि चष्म्यासाठी बशी मांडलेली! बोलला काही नाही. ऐंशी उलटलेल्या माणसास याहून मोठा थाट कोणता? दोन रात्रींचा आकडा ऐकून आमचाही श्वास अडला, हे कबूल केले पाहिजे.

सौभाग्यवतींनी २००८ च्या नोव्हेंबरातील हल्ल्याची आठवण दिली; पाहुण्यांस वाचविताना तेथील काही सेवकांनी प्राण वेचले होते. काका इतका वेळ स्वस्थ होते. मग म्हणाले, "अरे, मुळशीचे धरण कोणाचे?"

आम्ही निरुत्तर झालो. पिरंगुटास पाणी लागले नाही. पण पुढच्या मावळातील गावे टाटांच्या धरणाखाली गेली. १९२१ ते १९२४ सत्याग्रह चालला, त्यानेच बापटांस 'सेनापती' केले, आणि तरी धरण झाले. ते पाणी अद्याप भिऱ्यास उतरते व मुंबईस दिवे लागतात. "जमशेटजी १९०४ सालीच वारले, काका. धरण नंतरचे," आम्ही चाचरत म्हणालो.

"घर तेच ना?"

बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, मला वैद्यांच्या इमारतीतला तो जिना पाहायचा आहे. तुम्ही हवे तर खाली बसा."

काका हसले नाहीत. पण त्यांनी अट घातली. मोटार ताम्हिणीमार्गे न्यावयाची, रस्ता लांबचा पडला तरी, आणि धरणाच्या काठी थांबून डबा सोडावयाचा. चिरंजीवांनी कुरकुर केली. जुन्या इमारतीतील खोली आम्ही ठरविली आहे, आणि काकूंनी डब्यास दशम्या करण्याचे योजिले आहे.